गिऱ्हाइकाचे इमान कोणाच्या मालकीचे?



व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हणजे वक्त्याने शिवकालात, निदान पेशवाईत तरी जावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. अंबरनाथकराला तर याहून जुनी सोय आहे. शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे शिवमंदिर त्याच्या दारात उभे आहे. परंतु आम्हाला ज्या इतिहासाबद्दल बोलायचे आहे तो किराणा दुकानाच्या गल्ल्यावर घडलेला आहे आणि अजून घडतो आहे. त्याची कागदपत्रे दप्तरखान्यात मिळत नाहीत. ती वाण्याच्या वहीत होती, नंतर कार्डावर आली, आणि आता तुमच्या आमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहेत. ही कागदपत्रे वेळोवेळी विकली गेली. ती कोणी विकली, कोणी घेतली आणि ज्यांची नावे त्यांत होती त्यांना कोणी काही विचारले का, एवढाच आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम घरची एक गोष्ट सांगतो. आमचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. आम्ही शाळेत असताना त्या कारखान्यात टाळेबंदी झाली आणि ती पाच महिने चालली. त्या काळात आमच्या घरात चूल पेटली ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका सिंधी दुकानदाराच्या जिवावर. हे गृहस्थ उल्हासनगरच्या छावणीत लहानाचे मोठे झालेले. फाळणीनंतर सिंधमधून जवळजवळ एक लाख माणूस कल्याणजवळच्या लष्करी बराकींत येऊन पडला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी त्या वसाहतीची उल्हासनगर म्हणून कोनशिला बसविली, हे येथे बसलेल्या पुष्कळांना आपल्या आजोबांच्या तोंडून ठाऊक असेल. ज्याने स्वतः सर्वस्व गमावून उधारीवर नव्याने सुरुवात केली होती त्याला उधारीची किंमत सांगावी लागत नसे. लाल कापडी बांधणीची त्याची वही होती. तीत आमच्या वडिलांच्या नावाचे पान होते. तांदूळ, गोडेतेल, चहाची पुडी, काडेपेटी, सारे त्या पानावर चढे. टाळेबंदी उठल्यावर ते पान फिटायला दीड वर्ष लागले. त्यानंतर दुसरे दुकान स्वस्त निघाले तरी आमच्या आईने ते दुकान सोडले नाही.

पुढे काही वर्षांनी त्या गृहस्थांनी दुकान विकले. तेव्हा घेणाऱ्याला बरोबर घेऊन ते एका संध्याकाळी वही काखेत मारून आमच्या दारात आले. त्यांनी वही उघडली आणि वडिलांना म्हणाले, “भाऊ, तुमच्याकडे एकशे चाळीस निघतात. दुकान ह्यांना दिले, पण तुमचे पान तुम्हाला विचारल्याशिवाय देत नाही. माझे मला देऊन मोकळे व्हा, नाहीतर ह्यांच्याकडे चालू ठेवा.” वडील म्हणाले, “शेठ, तुमचे तुम्हालाच देतो. ह्यांची आणि माझी ओळख अजून व्हायची आहे.” शेठजींनी पानावर काट मारली. नवा दुकानदार जरा ओशाळला, पण त्यालाही त्यात वावगे वाटले नाही. दुकान विकता येते, फळ्या आणि तराजू विकता येतात, पण माणसाचे पान त्याला विचारून द्यायचे असते, हा त्या तिघांनाही न शिकविता कळलेला कायदा होता.

आता दुसरी गोष्ट. ही अलीकडची आणि बदलापूरची आहे. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नी स्टेशनजवळच्या एका मोठ्या दुकानात महिन्याचे सामान भरीत. तेथे गल्ल्यावरचा मुलगा पिशवी हवी का हे विचारण्यापूर्वी मोबाइल नंबर विचारतो. नंबर सांगितला की खरेदीवर पॉइंट जमा होतात. तीन वर्षे बाईंनी पॉइंट साठविले. दिवाळीला त्यांचा एक प्रेशर कुकर आणावा असा त्यांचा बेत होता. दिवाळीपूर्वी दुकानाची पाटी बदलली. मालक बदलला होता. बाई गेल्या तेव्हा गल्ल्यावर उत्तर मिळाले की जुने पॉइंट आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाहीत. बरे, नाही तर नाही. परंतु त्याच आठवड्यापासून त्या नव्या दुकानाचे संदेश बाईंच्या मोबाइलवर त्यांचे नाव घालून येऊ लागले. त्यांच्या घरी कोणता साबण लागतो हेही त्याला ठाऊक होते. पॉइंट सिस्टिममध्ये नव्हते. बाई मात्र सिस्टिममध्ये होत्या.

या दोन गोष्टींमधला जो चाळीस वर्षांचा प्रवास आहे त्याचा इतिहास शोधावा असे आम्हाला वाटले. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि नगरपालिकेच्या वाचनालयात झाले. तेव्हा विद्वानांनी चूकभूल पदरात घ्यावी.

नित्याच्या गिऱ्हाइकाला काही परत द्यावे ही कल्पना सर्वत्र जुनी आहे. आपल्याकडचा वाणी वर चिमूटभर मसाला घालीत असे, भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकीत असे. परंतु तिला नियमाचे रूप दिले ते इंग्लंडातल्या रॉचडेल गावच्या कामगारांनी. १८४४ साली तेथील अठ्ठावीस जणांनी, त्यांत विणकर बरेच होते, प्रत्येकी एक पौंड घालून एक दुकान काढले. २१ डिसेंबर रोजी टोड लेन नावाच्या गल्लीत ते उघडले तेव्हा आत लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. शेजारपाजारचे व्यापारी हसले असे सांगतात. या दुकानाचा मुख्य नियम असा की वर्षाकाठी जो नफा उरेल तो भांडवलाच्या प्रमाणात वाटायचा नाही, ज्याने जितकी खरेदी केली त्याच्या प्रमाणात त्याला परत द्यायचा. म्हणजे बायको दुकानात जितके पीठ घेई तितका तिच्या घराचा लाभांश वाढे. खरेदीची नोंद ठेवावी लागे, ती दुकानाच्या वहीत असे, आणि दुकानच गिऱ्हाइकांचे असल्यामुळे वहीही गिऱ्हाइकांची होती. आजच्या पॉइंटांचा पणजोबा म्हणायचा तर तो हा आहे. पणजोबाची जात मात्र वेगळी होती.

हिंदुस्थानात १९०४ चा सहकारी कायदा फक्त पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने ग्राहक भांडारांना वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात या रोपट्याला खरे पाणी घातले ते गिरणगावाने. १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी जे लहानसे भांडार काढले त्यातून पुढे ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिने तर दुकानच काढले नाही. शेजारच्या दहावीस कुटुंबांनी संघ करावा, महिन्याची यादी द्यावी आणि माल घाऊक भावाने आणून आपसांत वाटून घ्यावा अशी तिची पद्धत. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची भांडारे होती. ती पुढे कशी मोडली हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि त्यात आम्हा युनियनवाल्यांचे दोषही पुष्कळ सांगावे लागतील. असो. मुद्दा एवढाच की या सर्व संस्थांत ‘कोणत्या घराला किती साखर लागते’ ही माहिती होती, आणि ती सभासदांच्या घराबाहेर जात नव्हती.

दुसरा प्रवाह अमेरिकेत सुरू झाला. १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी एक कंपनी काढली. ही कंपनी साखरही विकत नव्हती आणि कापडही विकत नव्हती. ती हिरव्या रंगाची तिकिटे छापून दुकानदारांना विकत असे. दुकानदार खरेदीच्या प्रमाणात ती तिकिटे गिऱ्हाइकाला देई, गिऱ्हाईक ती थुंकी लावून पुस्तिकेत चिकटवी आणि पुस्तिका भरली की कंपनीच्या भांडारातून किटली, चादर असे काही घेऊन येई. युक्ती साधी दिसते, पण तिच्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तिसरा माणूस येऊन बसला. गिऱ्हाइकाचे इमान हा आता स्वतंत्र माल झाला. तो एकाने बनवायचा, दुसऱ्याने विकत घ्यायचा आणि तिसऱ्याच्या हाती ठेवायचा. भरलेल्या सर्व पुस्तिका परत येत नाहीत, काही ड्रॉवरमध्येच राहतात, आणि जे राहते तो कंपनीचा फायदा, हे गणितही त्याच वेळी बसले. बदलापूरच्या बाईंचा कुकर याच गणितात गेला.

इंग्लंडात १९५८ साली रिचर्ड टॉम्पकिन्स याने हीच युक्ती ‘ग्रीन शील्ड’ नावाने नेली. टेस्को या दुकानांच्या साखळीने १९६३ साली ती तिकिटे घेतली आणि १९७७ साली सोडून दिली, कारण तेवढ्याच पैशात भाव उतरविलेले तिला परवडले. मग १९९५ च्या फेब्रुवारीत त्याच टेस्कोने स्वतःचे कार्ड काढले. आता तिकिटे चिकटवायची नव्हती. गल्ल्यावर कार्ड ओढले की कोणत्या बाईने, कोणत्या वारी, काय काय घेतले हे यंत्रात नोंदले जाई. ही नोंद चाळण्याचे काम एका नवराबायकोच्या लहानशा पेढीकडे, डनहंबीकडे, होते. कार्ड सर्वत्र काढण्यापूर्वी काही दुकानांत प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष पाहून टेस्कोचे अध्यक्ष चपापले. तीस वर्षांत आपल्याला गिऱ्हाइकांविषयी जे कळले नाही ते या दोघांना तीन महिन्यांत कळले, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. २००१ साली टेस्कोने त्या पेढीचा मोठा हिस्साच विकत घेतला. येथे प्रथम हे स्पष्ट झाले की पॉइंट ही बाहेरची साल आहे आणि आतला गर नोंदीचा आहे.

तथापि तेथपर्यंतही खेळ दुकानांचा होता. मोबाइल आल्यावर तो यंत्रज्ञानाच्या कंपन्यांचा झाला. अमेरिकेत कॉफीच्या दुकानांत पुठ्ठ्याचे कार्ड देत. दर कपाला त्याला एक भोक पाडायचे आणि दहावा कप फुकट. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी हे पुठ्ठ्याचे कार्ड मोबाइलवर आणले आणि आपल्या कंपनीला ‘पंच्ड’ असे नाव दिले. २०११ साली गूगलने ती कंपनी विकत घेतली. लहान दुकानदारांना वाटले की आता या जगन्मान्य कंपनीचा हात आपल्या पाठीवर आला. दोन वर्षांनी, २०१३ साली, गूगलने ती सेवा बंद केली. सात भोके पडलेले कार्ड ज्याच्या मोबाइलवर होते त्याने उरलेल्या तीन कपांचे काय करायचे हा प्रश्न क्षुल्लक आहे, मान्य. परंतु ज्या कॉफीवाल्याने आपली रोजची माणसे त्या यंत्रात नोंदविली होती त्याच्या हातात पुठ्ठाही उरला नाही आणि वहीही उरली नाही. गूगलसारखी कंपनी असल्या लहान धंद्यात भांडवल म्हणून काय पाहते? कार्ड कसे बनवायचे हे तिच्या नोकरांना एका आठवड्यात जमले असते. तिला ते विद्यार्थी हवे असतात, त्यांनी जोडलेली दुकाने हवी असतात आणि माणूस कोठे पुन्हापुन्हा जातो याची नोंद कशी होते ते पाहायचे असते.

आता आपल्या देशात येऊ. येथे २००६ च्या सुमारास ‘आय-मिंट’ नावाची योजना निघाली. एकच कार्ड, बँकेत, पेट्रोलपंपावर, मोठ्या दुकानांत कोठेही खर्च करा, पॉइंट एकाच खात्यावर जमतील. तिच्यामागे आयसीआयसीआय गटाचे भांडवल होते. जर्मनीत म्युनिकच्या लॉयल्टी पार्टनर या कंपनीने २००० सालापासून ‘पेबॅक’ नावाची अशीच योजना चालविली होती. तिने आय-मिंटमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला आणि २०११ साली आय-मिंटचे नाव पेबॅक झाले. त्याच वर्षी अमेरिकन एक्स्प्रेस या बलाढ्य कंपनीने ती जर्मन कंपनीच पन्नास कोटींहून अधिक डॉलर देऊन विकत घेतली. म्हणजे कल्याणच्या एखाद्या कारकुनाने २००८ साली पेट्रोलपंपावर भरलेला फॉर्म तीन वर्षांत म्युनिकमार्गे न्यूयॉर्कच्या मालकीचा झाला, आणि त्याने जागचे हलावे असे काहीच घडले नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस आणि आयसीआयसीआयचा एक निधी यांच्याकडून भारतपे या कंपनीने पेबॅक इंडियाचे सर्वच्या सर्व भाग विकत घेतले. दहा कोटींहून अधिक सभासद त्या व्यवहारात आले असे कंपन्यांनीच जाहीर केले होते. २०२२ साली पेबॅकचे नाव पुन्हा बदलून ‘झिलियन’ करण्यात आले.

भारतपे म्हणजे कोण, हे उल्हासनगरच्या दुकानदाराला सांगायला नको. २०१६ साली यूपीआय सुरू झाले. त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी आली. जपानी बाजारात आणि गजानन मार्केटात रोख पैशावर वाढलेले व्यापारी मोबाइलकडे वळले. २०१८ साली निघालेल्या भारतपेने दुकानदाराला चौकोनी ठिपक्यांची एक पाटी फुकट दिली. आपण सगळे तिला स्कॅनर म्हणतो, वस्तुतः स्कॅनर आपल्या हातात असतो. कोणत्याही कंपनीचे ॲप असो, पैसे त्या एका पाटीवर घेता येतात. २०२० च्या जानेवारीपासून अशा देवघेवीवर दुकानदाराकडून शुल्क घेणे सरकारने बंद केले. मग फुकट पाटी वाटणारा जगणार कशावर? दुकानदाराच्या रोजच्या गल्ल्याची नोंद पाहून त्याला कर्ज मिळवून देण्यावर. दुकानदाराची बाजू अशी पाटीवर आली होती. पेबॅकच्या खरेदीने गिऱ्हाइकाची बाजूही हाती आली. देणारा आणि घेणारा, दोघांचीही पाने एका वहीत आली. शेठजींच्या लाल वहीत गल्लीतली साठ घरे होती. वहीची तत्त्वे तीच आहेत, फक्त वही काखेत मारून दारात येणारे कोणी नाही.

आमच्यावर कोणी असा आक्षेप घेईल की नाव विकत घेणे हा धंद्यातला जुना शिष्टाचार आहे, त्यात नवे काय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर अंबरनाथमध्येच आहे. १९२२ साली परदेशी काड्यापेट्यांवर जबर जकात बसली. तेव्हा जकातीच्या भिंतीला वळसा घालण्यासाठी स्वीडनच्या काडेपेटी कंपनीने १९२३ साली येथे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. तीच आपली विमको. या स्वीडिश साम्राज्याचा सूत्रधार ईव्हार क्रॉइगर जगभर काड्यापेट्यांचे कारखाने विकत घेत सुटला होता. १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्याने आत्महत्या केली आणि मागे प्रचंड दिवाळे निघाले. विमको मात्र टिकली. २००५ साली आयटीसीने आपल्या एका उपकंपनीमार्फत तिची मालकी स्वीडिशांकडून घेतली आणि २०१४ साली तिचा काडेपेटीचा धंदा आयटीसीत विलीन झाला. आता या विक्रीत ‘शिप’ छाप पेटीवर माणसांचा जो विश्वास होता तोही विकला गेला, हे खरेच. पण तो विश्वास निनावी होता. अमक्या चाळीतली अमकी बाई शिपच घेते हे विमकोला ठाऊक नव्हते आणि आयटीसीलाही ते मिळाले नाही. बाईने उद्या दुसरी पेटी घेतली तर तिच्यामागे पाटलाग करीत कोणी येणार नव्हते. जहाजाचे चित्र विकले गेले, बाई विकली गेली नाही.

विक्रीत माणसे जातात तेव्हा काय करायचे, हा प्रश्न आम्हा कामगारांपुढे फार पूर्वी आला होता. त्याचा निकालही महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणाने लागला, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो. १८९७ सालापासून चालत आलेली बार्शी लाइट रेल्वे आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांना पंढरीच्या वारीमुळे ठाऊक असेल. कुर्डुवाडीहून पंढरपूरला आणि दुसऱ्या अंगाला लातूरकडे धावणारी ती अरुंद रुळांची खासगी आगगाडी. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने घेतली. कंपनीने आदल्या दिवसापासून सर्वांची नोकरी संपल्याच्या नोटिसा दिल्या. बहुतेकांना सरकारी रेल्वेने पुढे कामावर घेतले. परंतु युनियनचे म्हणणे असे की आमची कंपनीकडची वर्षे कोठे गेली? डबे, इंजिने, रूळ यांचे मोल करून हिशेब झाला. पंचवीस पंचवीस वर्षे ज्यांनी ती गाडी चालविली त्यांच्या वर्षांचे मोल कोणी करायचे? छाटणीची भरपाई मागण्यात आली. कामगारांच्या बाजूने के. एन. जोगळेकर यांचे नाव असलेला तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २७ नोव्हेंबर १९५६ रोजी कामगार तो हरले. धंदा खरोखर दुसऱ्याकडे गेला तर त्याला छाटणी म्हणता येत नाही, असा न्यायालयाचा अर्थ झाला.

कामगार न्यायालयात हरले, पण संसदेला प्रश्न टाळता आला नाही. १९५७ साली औद्योगिक विवाद कायद्यातले कलम २५ एफ-एफ नव्याने घालण्यात आले आणि ते निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, लागू केले. धंदा दुसऱ्याकडे गेला तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई मिळालीच पाहिजे. नव्या मालकाने नोकरी अखंड मानली, शर्ती पूर्वीपेक्षा कमी केल्या नाहीत आणि जुन्या वर्षांची जबाबदारी पत्करली, तरच भरपाई चुकते. ‘जुन्या वर्षांची जबाबदारी’ हे शब्द आम्ही आजवर कितीतरी फाटकसभांत उच्चारले आहेत. जो कारखाना घेतो त्याने कारखान्यात घालवलेली वर्षेही घेतली पाहिजेत.

येथे आमच्याच घरातला एक दोष झाकून ठेवता कामा नये. हे कलम धंदा हस्तांतरित झाला तर लागते. कंपनीचे भाग विकले गेले तर कायद्याच्या दृष्टीने मालक बदलतच नाही; कंपनी तीच, फाटकावरची पाटी तीच, फक्त वरची माणसे निराळी. अशा व्यवहारात कामगाराला नोटीस नाही. २०२१ च्या पेबॅकच्या व्यवहारात भागच विकले गेले. तेव्हा तेथे असे म्हणता येते की सभासदांची नोंद कोणाला दिलीच नाही, ती त्याच कंपनीकडे होती आणि आहे. हे कायद्याने बरोबर असेल. आमच्या वडिलांना समजावून सांगताना मात्र शेठजींची पंचाईत झाली असती.

या कहाणीला आणखी एक जोड आहे. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि पहिल्या दिवशी ठेवीदाराला हजार रुपयांवर काढता येईनात. मुंबईत आणि आपल्या जिल्ह्यात तेव्हा शाखांपुढे लागलेल्या रांगा कोणी विसरलेले नसेल. पुढे सेंट्रम आणि भारतपे यांनी मिळून युनिटी स्मॉल फायनान्स बँक काढली. भारतपेचा हिस्सा एकोणपन्नास टक्के. जानेवारी २०२२ मध्ये ती सहकारी बँक युनिटीत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यातून आधी आणि उरलेली हप्त्याहप्त्याने दहा वर्षांपर्यंत, अशी ती योजना. ती कडू होती, आणि म्हाताऱ्या ठेवीदारांना दहा वर्षे थांबा म्हणणे क्रूरपणाचे होते असे आमचे मत आहे. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या योजनेचा मसुदा आधी प्रसिद्ध झाला आणि हरकती मागविण्यात आल्या. ठेवीदाराला निदान अर्ज लिहिता आला. त्याच वर्षी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या व्यवहारात, दहा कोटी सभासदांपैकी कोणाला अर्ज लिहायची जागा नव्हती. ठेवीदाराचे पैसे होते म्हणून त्याला विचारले. पॉइंटवाल्याची फक्त सवय होती.

आता कायद्याची आजची स्थिती सांगतो आणि थांबतो. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माणसाची माहिती त्याच्या संमतीने घ्यावी, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी आणि त्याने मागितल्यास पुसून टाकावी, अशी त्याची मुख्य कलमे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची मुदत मिळाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नव्या कामगार संहिता अमलात आल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा गेला आणि धंदा हस्तांतरित झाल्यास कामगाराला भरपाई देण्याची बार्शीवाल्यांची तरतूद नव्या संहितेत उतरली. एकाच महिन्यात दोन्ही कायदे हातात आल्यावर आम्ही ते शेजारी शेजारी ठेवून वाचले. कामगारांच्या संहितेत धंद्याची विक्री हा असा प्रसंग आहे की तेथे संरक्षण सुरू होते. माहितीच्या कायद्यात सतराव्या कलमात सवलतींची यादी आहे. न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेले कंपन्यांचे विलीनीकरण आणि धंद्याचे हस्तांतरण हा प्रसंग त्या यादीत आहे; त्या कामापुरती संमतीची अट कंपनीला सुटते.

हे कलम आम्ही आमच्या सहकाऱ्याच्या पत्नींना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या गल्ल्यावरच्या मुलाला नंबर सांगायचा की नाही?” आम्ही म्हटले, वहिनी, सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे दुकान विकले गेले तर माझे पान कोणाकडे जाईल एवढे त्याला विचारून पाहा. त्या पुढच्या महिन्यात गेल्या तेव्हा त्यांनी खरेच विचारले. मुलगा तेथे ठेकेदारामार्फत लागलेला होता. तो म्हणाला, “काकू, दुकान विकले तर मी कोणाकडे जाईन, तेच मला माहीत नाही.”